घरच्या हातची जाळी

"चहा न्हाई, पानी न्हाई. सकाळपासनं तोंड आसं कोरडं ठणठणीत. सत्यनारायणाला बसवलंय का काय मला?"

हिरव्या पडद्याआडून आवाज आला आणि बाहेर लोखंडी खुर्चीवर बसलेल्या सरुबाईंना बरं वाटलं. माणूस कुरकुरतोय म्हणजे अजून आपला आहे.

"मामा, हात हलवू नका," आतून नर्स म्हणाली.

"मनगटाचे केस कशापायी भादरताय? हृदय तितं हाय व्हय?"

"तिथून वाट आहे, मामा."

"वाट! आमच्या वाटंवर म्हापालिकेनं रस्ता काढला, आता तुमी काढा."

सरुबाई पदर तोंडाशी धरून हसल्या. पदर भरजरी होता. अंगावर काठाचं लुगडं, नाकात नथ, दंडात वाकी. हॉस्पिटलात येणाऱ्या-जाणाऱ्या बाया त्यांच्याकडे वळून वळून बघत होत्या. नवऱ्याच्या छातीत तार घालायची आणि बायको अशी नटून बसलेली! पण इलाज नव्हता. हडपसरच्या घराच्या फाटकासमोरच पुतण्याचा दवाखाना. त्याच्या डोळ्यांदेखत गाडीत बसायचं, तेही बारामतीला लग्नाला निघालोय असं सांगून, म्हटल्यावर लग्नाला निघाल्यासारखंच निघावं लागलं. बजरंगतात्यांनी तर फेटाही बांधला होता. तो आता नर्सनं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून सरुबाईंच्या मांडीवर दिला होता.

पुतण्या म्हणजे इंद्रजीत. डॉक्टर इंद्रजीत, हृदयाचा. तात्यांचा थोरला भाऊ हिंदुराव ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा हा पोरगा चड्डीत होता. त्याची आई माहेरी गेली ती तिकडचीच झाली. सरुबाईंना तेव्हा मूल नव्हतं. ऋतुजा पुढे बऱ्याच वर्षांनी झाली. तोवर इंद्याला न्हाऊमाखू घालण्यात, शाळेत धाडण्यात आणि बुक्क्या मारण्यात त्यांचा दिवस जायचा. शेतावर पुढे काचेचे डोंगर उभे राहिले, घराघरात गाड्या आल्या, भावकीतली पोरं गळ्यात साखळ्या घालून हिंडायला लागली. इंद्या मात्र शिकत राहिला. गावातला पहिला डॉक्टर. त्यातही हृदयाचा. तात्या मार्केट यार्डात भाजीची गाडी लावता लावता अडत्यांना सांगायचे, "आमच्या घरात हृदय उघडून बघणारा मानूस हाय." अडते म्हणायचे, "बघा, उघडून बघितलं तर आत कोथिंबीरच निघंल."

अशा घरातली माणसं दुसऱ्या डॉक्टरकडे जात नाहीत. नियम कुणी लिहिलेला नव्हता, पण होता. आख्खी भावकी इंद्रजीतकडे जायची. कुणाला साधा ठसका लागला तरी जायची. आणि ज्या दिवशी खुद्द चुलताच दुसऱ्याची पायरी चढेल, त्या दिवशी गाव म्हणेल, पोराच्या हाताला काहीतरी झालंय. म्हणून हे बारामतीचं लग्न.

हे सगळं घडवून आणलं होतं ऋतुजानं. ती खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. "तात्या, दोन जिने चढलात की धाप लागते. दादा दर वेळी म्हणतो, छान आहे. काय छान आहे? आपण सेकंड ओपिनियन घेऊ. कंपनीच्या इन्शुरन्समध्ये बसतं."

"आपल्यात पयलंच वपिनियन चालतं," तात्या म्हणाले होते.

पण गेल्या वर्षी झटका येऊन गेला होता, तोही इंद्रजीतनं हृदयाच्या नळीत जाळी बसवल्याला सात-आठ वर्षं झाल्यावर. त्यानं दोनदा फोटो काढला, औषधं बदलली, म्हणाला, जरा अरुंद वाटतंय, पण छान आहे. हे 'छान' तो तात्यांकडे न बघता म्हणायचा. सरुबाईंना ते दिसलं होतं. पोराला त्यांनी दात येण्याआधीपासून ओळखलेलं. बरणीतला लाडू खाऊन आला की तो असाच भिंतीकडे बघून बोलायचा.

*

तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघी मायलेकींना आत बोलावलं. डॉक्टर प्रेमला कुंटे. पन्नाशीच्या, बारीक कापलेले केस, आवाज सदाशिव पेठेतला.

"लग्नाला जायचंय का कुठे?" त्यांनी सरुबाईंना विचारलं.

"जाऊन आलो," सरुबाई म्हणाल्या.

"बरं. बसा. मी दाखवते, मग प्रश्न विचारा. आधी विचारलेत तर मला सगळं दोनदा सांगावं लागतं."

पडद्यावर एक गोल आला. तांबूस, पिवळसर, कडेला ओलसर चकाकी असलेला. सरुबाईंना वाटलं, तव्यावरची भाकरी असावी. मधे काळं भोक आणि भोकाभोवती चमकणारे ठिपके.

"ही तुमच्या यजमानांची रक्तवाहिनी, आतून. केसाएवढ्या तारेच्या टोकाला उजेड असतो. तो आत फिरवून हे चित्र काढतात. हे ठिपके म्हणजे जाळीच्या तारा. जाळी बसवली की काही महिन्यांत शरीर तिच्यावर कातडी धरतं. पातळ, पापुद्र्यासारखी. हे बघा, इथे कशी सुंदर धरलीय. जाळीला आपलं म्हटलंय."

चित्र सरकत होतं. एकामागून एक गोल. सरुबाई वाकून बघत होत्या. नवऱ्याच्या आत इतक्या खोल त्या चाळीस वर्षांत कधी गेल्या नव्हत्या. आत कुरकुर नव्हती, फेटा नव्हता. नुसता गप्प, ओला बोगदा.

"आणि आता इथे बघा."

गोल चपटा झाला. कुणी अंगठ्यानं दाबलेल्या बांगडीसारखा. आतल्या अंगाला पांढरट थर जाड चढला होता आणि मधली वाट सुतळी जाईल एवढीच उरली होती.

"इथे जाळी पूर्ण उघडलेलीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बसवतानाच. मागे चुन्यासारखं कडक होतं, तिथे फुगा आणखी जोरानं फुगवायला हवा होता. अर्धवट सोडलाय. मग वर्षानुवर्षं त्या अडचणीच्या जागी हे थर साठत गेले. गेल्या वर्षीचा झटका इथूनच. त्यात हृदयाचा बराच भाग गेला."

"पर फोटो तर चांगला आला होता," सरुबाई म्हणाल्या.

"बाहेरून काढलेला फोटो म्हणजे सावली हो. सावलीत चपटं आणि गोल सारखंच दिसतं, कोनावर आहे. आतून बघितल्याशिवाय नाही कळत."

सरुबाईंना विहीर आठवली. तात्यांनी जुन्या मळ्यात बांधून घेतली होती ती. गवंड्यानं कडं बांधलं, पण एका अंगाला मागे दगड ठासायचा आळस केला. वरून बघणाऱ्याला कडं कसं देखणं दिसायचं. चौथ्या पावसाळ्यात तेवढीच बाजू आत आली.

"आता फुगवता येईल?" ऋतुजानं विचारलं.

"आत्ताच फुगवलंय. मला जमेल तेवढं. मागचं आता दगड झालंय, सगळं नाही उघडलं. आणि वाट मोकळी झाली तरी हृदयाचा गेलेला भाग परत येत नाही. त्या वेळी दोन मिनिटांचं काम होतं." बाई थांबल्या. "कुणी बसवली होती?"

ऋतुजा मोबाइलमध्ये बघायला लागली.

"हुते एक मोठे डॉक्टर," सरुबाई म्हणाल्या. "परदेशी गेले."

"सुटले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

*

तात्यांना वरच्या खोलीत आणलं तेव्हा त्यांच्या मनगटावर पट्टा आवळलेला होता. ऋतुजा औषधं आणायला खाली गेली. सरुबाईंनी चमच्यानं चहा पाजला.

"ग्वाड न्हाई," तात्या म्हणाले.

"न्हाईच घातली."

"काय म्हनल्या बाई?"

सरुबाईंनी चमचा बशीत ठेवला. "म्हनल्या, वाट मोकळी केली. आता बरं वाटंल."

"सरे," तात्या म्हणाले, "म्या आत जागाच हुतो. भूल कुटं देत्यात? तिनं तिच्या मानसाला सांगितलेलं सगळं ऐकलं म्या. अर्धवट सोडलीय म्हनली."

सरुबाईंनी बशी कडेला सरकवली.

"इंद्यानं न्हाई सोडली. म्या सोडाया लावली."

आणि मग त्यांनी ते सांगितलं. दम लागत होता, मधे मधे थांबत होते, पण सांगितलं. तेव्हाही असेच जागे होते. डोक्यावर यंत्र, पायाशी इंद्या, तोंडाला फडकं, नुसते डोळे दिसणारा. इंद्याचे सर शेजारीच होते, पण त्यांना कुणी बाहेर बोलावलं. इंद्यानं फुगा फुगवला तसा छातीवर बैल बसावा तसं झालं. तात्यांच्या तोंडून निघून गेलं, "इंद्या, बास रं. बास पोरा." आणि इंद्या थांबला.

"दुसरा कुनी आसता तर म्हनला आसता, मामा, गप पडा, आजून जरासं. पर ह्येच्या डोळ्यात पानी आलं, म्या बघितलं. फुगा सोडला त्येनं. म्हनला, झालं तात्या, झालं, छान बसलीय."

खिडकीबाहेर नव्या पुलाचं काम चालू होतं. सरुबाई तिकडे बघत राहिल्या. त्यांना वेगळंच आठवत होतं. इंद्रजीत त्या वेळी नको म्हणत होता. हात जोडून नको म्हणत होता. "काकी, घरच्या माणसाला घरच्यानं हात लावू नये. आमच्यात रीत आहे तशी. सर करतील, मी बाजूला उभा राहीन." आणि तात्या म्हणाले होते, मग येवढं शिकवलं कशापायी? तात्या एकदाच म्हणाले. सरुबाई मात्र दिवसभर त्याच्या मागे लागल्या होत्या. नारळ घेऊन देवीपुढे कौल लावून आल्या होत्या. उजवी पाकळी पडली म्हणून त्याला सांगितलं होतं, "देवीनं तुजाच हात मागितलाय." परक्याच्या हाताखाली नवरा द्यायला त्यांचं मन घेईना. घरचं पोर करील ते मायेनं करील, असं त्यांचं गणित. मायेनंच केलं त्यानं.

"माज्या जिवात जीव हाय तवर त्येला ह्ये कळता कामा न्हाई," तात्या म्हणाले. "पोराचा हात जाईल. शपथ घे."

"कुनाची?"

"माजीच घे. दुसरं काय हाय माज्याजवळ?"

सरुबाईंनी शपथ घेतली.

*

डॉक्टरपासून मनगट लपवणार किती? दुसऱ्या दिवशी घरी परतल्यावर संध्याकाळी इंद्रजीत नेहमीसारखा आला. सदऱ्याची बाही तात्यांनी बोटांपर्यंत ओढून घेतली होती. मे महिना होता. इंद्रजीतनं नाडी बघायला हात धरला, बाही वर सरकली, आणि काळंनिळं झालेलं मनगट दिसलं. मधे बारीक टाचणीएवढी खूण.

सरुबाई दारात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आता हा विचारणार. कुठे गेला होतात, कोण डॉक्टर, काय दिसलं.

इंद्रजीतनं बाही हळूच खाली केली. नाडी मोजली. भिंतीकडे बघत म्हणाला, "छान आहे. लग्न कसं झालं?"

"झ्याक झालं," तात्या म्हणाले. "जिलबी कच्ची होती."

"जिलबी सांभाळून खायची."

एवढंच. त्या दिवसापासून घरातल्या चौघांनाही सगळं ठाऊक होतं, आणि चौघंही बारामतीच्या त्या न झालेल्या लग्नाविषयी बोलत. ऋतुजानं तर नवऱ्या मुलीचं नावही ठरवलं होतं.

इंद्रजीत रोज यायचा. आधी एक वेळ येणारा आता दोन वेळा यायला लागला. तात्यांच्या पायाची सूज अंगठ्यानं दाबून बघायचा, पाणी किती प्यायचं ते सांगायचा, मीठ तोडायचा. तात्या कुरकुरायचे, "आळणी खाऊन जगन्यापरीस खारट खाऊन मेलेलं बरं." तो हसायचा नाही. आधी हसायचा.

एक दिवस पलीकडच्या इंदुबाई पापड वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीत आल्या. इंदुबाईंची जीभ म्हणजे कुंपणाची तार, इकडची बातमी तिकडे नेताना दोन्हीकडे ओरखडे काढणारी.

"काय गं सरुबाई, तुमच्या इंद्रजीतला काय झालंय?"

"काय झालं?"

"आमच्या संभाजीच्या सासऱ्याला जाळी बसवायची होती. त्येनं दुसऱ्या डॉक्टरचं नाव दिलं. म्हनं, मी आता नुसत्या गोळ्या देतो. गोळ्या काय, आमचा दुकानदारबी देतोय. हॉस्पिटलात जायचंच सोडलंय म्हनं त्येनं. एवढं शिकून काय उपेग?"

"दमला आसंल," सरुबाई म्हणाल्या.

"एवढ्यात? अजून चाळिशी न्हाई उलटली."

सरुबाईंनी पापड उलटले. वाळायच्या आतच उलटले, सगळे गुंडाळले गेले.

खाली येऊन त्या तात्यांच्या पलंगाशी उभ्या राहिल्या. "आवो, त्येनं हातच सोडलाय. सांगू द्या मला. त्येला वाटतंय आपल्याला ठाऊक न्हाई, का ठाऊक हाय, का आपून त्येच्यावर दात धरून हाय... त्यो त्यातच कुजतोय. येकदा बोलून टाकू. रडंल, मोकळा व्हईल."

"शपथ घेतलीस."

"मग तुमी सांगा. तुमाला कुटं शपथ हाय?"

"काय सांगू? तुज्या हातनं मेलो म्हनू?" तात्या म्हणाले, "आज सांगितलं तर त्यो माज्यापुढं यायचा न्हाई, सरे. रोज दोन येळंला येतोय. माजा हात धरून बसतोय. तेवढं तरी असू दे."

सरुबाईंनी उशी नीट केली.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि तात्यांना आडवं झोपता येईना. बसून झोपायचे, उशीवर कपाळ टेकून. इंद्रजीतनं ऑक्सिजनचं यंत्र आणून लावलं. स्वतः नळी साफ करायचा. एका दुपारी त्याचा हात मनगटावर असतानाच तात्या गेले. नाडी हाताखालून कशी निघून गेली, हे त्या घरात त्यालाच कळलं. तरी तो बराच वेळ हात धरूनच बसला होता. सरुबाईंनी त्याची बोटं एकेक करून सोडवली.

*

दहाव्याला नदीकाठी मांडव घातला होता. जनरेटरवर माईक. आधी प्रवचन झालं, मग श्रद्धांजल्या. नगरसेवकाचा माणूस म्हणाला, बजरंगतात्यांच्या जाण्यानं हडपसरच्या विकासाची मोठी हानी झाली. तात्यांनी विकासाला आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. मार्केट यार्डातला एक अडत्या बोलायला उठला आणि "लय हसवायचा हो" एवढं बोलून खाली बसला. ते तेवढंच खरं होतं.

पिंड इंद्रजीतनं दिला. डोकं भादरलेलं, ओलं धोतर, उघडं अंग. असा तो थेट आठवीतल्या इंद्यासारखा दिसत होता. टायफॉइड झाला म्हणून सरुबाईंनी त्याचे केस काढले होते, तसा. पिंड घाटाच्या पायरीवर ठेवून सगळे मागे सरले.

कावळा येईना.

नदीत जलपर्णी माजली होती, पाणी दिसतच नव्हतं. पलीकडे खराडीच्या काचेच्या इमारती उन्हात चमकत होत्या. आभाळात दोन घारी.

"कावळे समदे कचरा डेपोला," मागे कुणीतरी म्हणालं. "तितली पंगत सोडून हितं भाताला कशाला येत्यात?"

"गप रे. इच्छा राहिली आसंल कायतरी."

मग भावकीनं इच्छा शोधायला घेतल्या. भावकीतला थोरला म्हणून चुलतभाऊ जयसिंग पुढे झाला, हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "बजरंगा, बांधाचं भांडान म्या सोडलं! जा आता सुखानं!"

"बांधावर सोसायटीचं पार्किंग हाय," मागचा आवाज म्हणाला. "ह्यो सोडतोय काय?"

तोंडावर रुमाल धरून दोघं-तिघं हसले. कावळा आला नाही.

"पोरीच्या लग्नाचं आसंल," इंदुबाई म्हणाल्या. ऋतुजानं हुंदका दिला. "तात्या, करते मी लग्न. तुम्ही म्हणाल त्याच्याशी. नाही, म्हणजे... आईनं म्हटलं त्याच्याशी. प्रॉमिस." आणि ती खाली बसूनच रडायला लागली.

कुणी म्हणालं मळ्यातल्या देवळाचा कळस. कुणी म्हणालं थोरल्या भावाच्या नावानं अन्नदान. प्रत्येकजण पुढे होऊन आभाळाला वचन देत होता, आणि आभाळ कोरडंच. गुरुजींनी घड्याळात बघितलं. दर्भाचा कावळा करून शिवू म्हणाले.

"थांबा थोडं," जयसिंग म्हणाला.

इंद्रजीत बाजूला उभा होता. एकट्यानंच, पायऱ्यांच्या टोकाला. त्यानं पिंडाकडे पाठ केली होती. इतके सगळे बोलले, तो एक शब्द बोलला नव्हता. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर, स्वतःच्याच, नाडी मोजावी तशी.

सरुबाईंना कळलं की आता हे झालं नाही तर कधीच होणार नाही. आज संध्याकाळी पाहुणे पांगतील. हा उद्या दवाखाना उघडेल, गोळ्या देईल. भेटायला येईल, भिंतीकडे बघून म्हणेल, काकी, तब्येत छान आहे. त्यांचं वय होईल, त्याही एक दिवस अशाच पायरीवर भाताचा गोळा होतील, आणि हा पुन्हा असाच पाठ करून उभा राहील. गाव म्हणेल, हुशार होता, का कुणास ठाऊक, हात सोडला.

शपथ होती. पण जिवात जीव आहे तोवरची होती. तात्यांचा हिशेब नेहमीच असा मुदतीचा. 'आयुष्यभर तुमचं ऐकलं,' सरुबाई मनात म्हणाल्या. 'फेटा बांधून खोटं बोलायला लावलंत, तेबी बोलले. आता तुमी माजं ऐका.'

त्या पायऱ्या उतरून त्याच्याकडे गेल्या. बाया म्हणाल्या, आवो, पडाल. इंद्रजीतनं वळून आधाराला हात पुढे केला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला. उजवा हात. लांब, स्वच्छ बोटांचा.

"काकी, वर चला. ऊन आहे."

"इंद्या, माज्याकडं बघ."

त्यानं नदीकडे बघितलं.

"माज्याकडं, पोरा."

त्यानं बघितलं. मागे भावकीचा गलबला थांबला होता का चालूच होता, ते सरुबाईंना पुढे कधी आठवलं नाही. त्यांनी आवाज चढवला नाही आणि दाबलाही नाही. भाकरी वाढू का विचारावं तशा त्या बोलल्या.

"तात्यांची जाळी पुरती उघडली न्हवती. आतनं उजेड घालून बघितली आमी, म्या माज्या डोळ्यानं बघितली. ती तुज्या हातनं आर्धी ऱ्हायली. त्येनंच त्यांचं हृदय गेलं आन् त्येनंच ते गेले. तुला म्हायती हाय, मला म्हायती हाय. आन् त्यास्नी तर पयल्या दिसापासनं म्हायती हुतं, 'बास पोरा' म्हनून त्यांनीच तुला थांबवलं हुतं."